डिस्कमध्ये माल आहे, वहीत नोंद नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या आपा कुवेतहून महिनाभरासाठी रत्नागिरीस आल्या होत्या. १९९१ साली त्यांच्या निकाहाच्या वेळी गावातल्या एका व्हिडिओवाल्याने तीन कॅसेटी भरल्या होत्या. आमचे अब्बा आज हयात नाहीत. त्यांचा चालता-बोलता चेहरा आणि आवाज त्या तीन कॅसेटींखेरीज आमच्या घरात कोठेही नाही. म्हणून आपा येण्यापूर्वीच आम्ही घरातल्या सर्व, म्हणजे ४१ कॅसेटी एका स्टुडिओवाल्याकडून संगणकाच्या फाइलींत उतरवून घेतल्या, एका हार्डडिस्कवर ठेवल्या, आणि टीव्हीमागे छोटा संगणक बसवून त्यात 'कोडी' नावाचे सॉफ्टवेअर घातले.

आपा टीव्हीसमोर बसल्या. यादी उघडली तर ४१ ऐवजी ९ नावे! त्यांतही निकाहाच्या जागी १९८२ सालच्या बी. आर. चोप्रांच्या 'निकाह' सिनेमाचे पोस्टर, खाली राज बब्बर आणि सलमा आगा यांची नावे. आपा आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

त्यांचा मुलगा म्हणाला, "मामू, डिस्क खराब झालेली दिसते. फॉरमॅट मारून पुन्हा भरून घेऊ या. स्टुडिओवाल्याकडे कॉपी असेलच की."

आम्ही त्यास थांबविले आणि आधी स्टुडिओवाल्यास फोन लावला. त्याने आपली प्रत दोन महिन्यांपूर्वीच पुसून टाकली होती. मूळ कॅसेटींपैकी निम्म्यांवर बुरशीचे पांढरे डाग आले होते. म्हणजे भाच्याच्या बोटाखाली जी डिस्क होती, तीच एकुलती एक प्रत. ती एकदा पुसली असती तर अब्बा आम्हाला दुसऱ्यांदा गमवावे लागले असते.

डिस्क ठणठणीत होती. ४१ च्या ४१ फाइली जागेवर होत्या. बिघाड होता तो नोंदीत. आज घरोघरी, आणि आता दुकानांतूनही, अशी व्यवस्था लावली जात आहे. तेव्हा हा बिघाड कसा होतो आणि कसा शोधावा, हे आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना समजेल अशा भाषेत सांगावे, असे वाटले.

गोदाम निराळे, वही निराळी

कोडी, प्लेक्स, जेलीफिन ही या प्रकारची प्रसिद्ध सॉफ्टवेअरे होत. कोडीचे मूळ नाव एक्सबीएमसी. एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी ते लिहिले आणि २०१४ साली त्याचे नाव कोडी झाले. प्लेक्स त्याच झाडाची फांदी. जेलीफिन हे २०१८ च्या डिसेंबरात 'एम्बी' या सॉफ्टवेअरपासून निराळे झाले. कोडी आणि जेलीफिन दोन्ही विनामूल्य मिळतात.

या सर्वांचे काम एकाच पद्धतीने चालते. डिस्क म्हणजे गोदाम. त्यातल्या फाइली म्हणजे माल. पडद्यावर पोस्टरांसह दिसणारी 'लायब्ररी' म्हणजे स्टॉकची वही. 'स्कॅन' म्हणजे मुनीमजींनी गोदामात फिरून वहीत नोंदी करणे. मात्र हा मुनीम गाठोडे सोडून कापड पाहत नाही. तो गाठोड्यावरची चिठ्ठी वाचतो, म्हणजे फाइलीचे नाव वाचतो. तेवढ्यावरून तो इंटरनेटवरच्या एका मोठ्या सूचीत तो सिनेमा शोधतो, आणि तेथून पोस्टर, साल, नटनट्यांची नावे आणून वहीत चिकटवितो. हे शोधण्याचे काम करणाऱ्या भागास 'स्क्रेपर' म्हणतात.

एवढे ध्यानी घेतले की निम्मा घोटाळा सुटतो. वहीत नोंद नाही याचा अर्थ गोदामात माल नाही, असा होत नाही. पहिली तपासणी हीच. लायब्ररी सोडून 'फाइल्स' या भागात जावे आणि डिस्कचा फोल्डर उघडून पाहावा. फाइली तेथे दिसल्या आणि चालल्या, तर माल सुरक्षित आहे, आता फक्त वही नीट करावयाची आहे. तेथेही दिसल्या नाहीत, तर दोष तार, डिस्क किंवा परवानगीचा. हा निवाडा होईपर्यंत फॉरमॅट, डिलीट यांस हात लावू नये.

जेलीफिनच्या बाबतीत आणखी एक इशारा. त्यात यादीतील नाव 'डिलीट' केले तर केवळ नोंद जात नाही, डिस्कवरची मूळ फाइलही पुसली जाते. वहीतली ओळ खोडताना गोदामातले थान जाळण्यासारखे आहे ते.

घरची लग्ने सिनेमाच्या सूचीत कशी सापडणार?

आमच्या घरी जो प्रकार झाला त्याचे कारण असे. फोल्डर जोडताना कोडी विचारते की, यात काय माल आहे? सिनेमा, मालिका, की यांपैकी काही नाही? भाच्याने 'सिनेमा' असे उत्तर दिले. मग मुनीमजी प्रत्येक फाइलीचे नाव घेऊन सिनेमाच्या सूचीत शोधू लागले. स्टुडिओवाल्याने बहुतेक फाइलींस 'कॅप्चर ४', 'कॅप्चर ५' अशी नावे दिली होती. तशा नावाचा सिनेमा सापडला नाही, म्हणून त्या नोंदल्याच गेल्या नाहीत. ज्या थोड्या फाइलींची नावे 'निकाह', 'शादी' अशी होती, त्यांस त्याच नावाचे सिनेमे सापडले, आणि आपा सलमा आगा झाल्या!

यावर उपाय दोन. सोपा उपाय असा की, घरगुती फोल्डरसाठी 'यांपैकी काही नाही' हे उत्तर द्यावे. मग पोस्टर येत नाही, पण 'फाइल्स' भागात सर्व काही आपण ठेवलेल्या नावाने दिसते. जेलीफिनमध्ये यासाठी 'घरचे व्हिडिओ व फोटो' असा स्वतंत्र प्रकार आहे. प्लेक्समध्ये 'इतर व्हिडिओ' असा प्रकार मिळतो.

दुसरा उपाय थोडा मेहनतीचा. प्रत्येक व्हिडिओशेजारी त्याच नावाची एक छोटी मजकुराची फाइल ठेवावयाची. तिच्या शेवटी 'एनएफओ' ही तीन अक्षरे असतात. तीत नाव, साल आणि चार ओळींची माहिती ठराविक खुणांत लिहावी, आणि कोडीस सांगावे की, इंटरनेटवर न जाता फक्त येथलीच माहिती वाच. थानावर आपणच चिठ्ठी लावावी तसे. आम्ही हा मार्ग घेतला. भाच्याने दोन संध्याकाळी बसून चिठ्ठ्या लिहिल्या, आणि कोणत्या कॅसेटीत कोण कोण आहे ते आपांनी सांगितले. ही माहिती आतापर्यंत केवळ त्यांच्याच स्मरणात होती. आज ती कागदावर आली हा फायदा निराळाच.

येथे उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांची एक खास अडचण येते. चिठ्ठीतला मजकूर आम्ही हौसेने उर्दूत लिहिला, तो जुन्या इनपेजमध्ये. तो उचलून चिठ्ठीत टाकला तर पडद्यावर अर्थहीन खुणा उमटल्या. जुने इनपेज किंवा मराठीचे जुने छपाईचे फाँट आपली खासगी सांकेतिक भाषा वापरतात. लायब्ररीस 'युनिकोड' लागते. मोबाइलवर ज्या कळफलकाने आपण उर्दू किंवा मराठी लिहितो, ते युनिकोडच असते. त्यात लिहावे आणि फाइल 'यूटीएफ-८' या प्रकारात जतन करावी. फाइलीचे नाव मात्र इंग्रजी अक्षरांत, साधे आणि छोटे ठेवावे.

४१ चे ३९ का झाले?

सर्व चिठ्ठ्या लावून पुन्हा स्कॅन केले, तेव्हा यादीत ३९ नावे आली. आम्ही व्यापारी माणूस, दोनाचा फरक कसा सोडणार? शोध घेता असे दिसले की, निकाहाच्या तीन फाइलींच्या नावांत 'पार्ट १', 'पार्ट २', 'पार्ट ३' असे होते. एकाच फोल्डरमध्ये अशी नावे दिसली की सॉफ्टवेअर त्यांस एकाच सिनेमाचे तुकडे समजते आणि एकच नोंद करते. ४१ मधून तीन गेले, एक आला, उरले ३९. हिशेब जुळला. ही चूक नव्हे, सोय आहे. तुकडे एकापाठोपाठ एक आपोआप चालतात. पण तीन निराळ्या समारंभांस कोणी 'पार्ट' म्हणून नाव दिले असेल, तर दोन समारंभ हरवल्यासारखे वाटतात. तेथे नावे बदलावीत.

विकत घेतलेल्या खऱ्या सिनेमांच्या बाबतीत नावासोबत कंसात साल लिहिणे हा सर्वांत मोठा नियम आहे. 'देवदास' म्हटले तर दिलीपकुमारांचा १९५५ चा की शाहरुख खानचा २००२ चा? 'उमराव जान' १९८१ ची की २००६ ची? 'डॉन' १९७८ चा की २००६ चा? साल नसेल तर मुनीम अंदाज करतो, आणि अंदाजाचा माल परत येतो. शक्य तर प्रत्येक सिनेमास आपला स्वतंत्र फोल्डर द्यावा.

दुकानदारांसाठी: 'सॅम्पल' हा शब्द टाळा

आता आमच्या धंद्याची गोष्ट. भिवंडी, इचलकरंजी, सुरत येथील व्यापारी आता नमुन्याचे तुकडे पाठविण्याऐवजी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवितात. आम्ही ते दुकानातल्या टीव्हीवर गिऱ्हाइकांस दाखवितो. घरच्याच सॉफ्टवेअरमध्ये हे व्हिडिओ भरले, चिठ्ठ्याही लावल्या, तरी शर्टिंगचे निम्मे नमुने यादीत येईनात. ईदच्या सीझनला गिऱ्हाईक समोर बसलेले आणि माल दिसत नाही, म्हणजे काय होते ते बंधूंना सांगावयास नको.

कारण ऐकून आम्ही थक्क झालो. आमच्या फाइलींची नावे 'शर्टिंग सॅम्पल १', 'शर्टिंग सॅम्पल २' अशी इंग्रजी अक्षरांत होती. सिनेमांच्या फाइलींसोबत बऱ्याचदा मिनिटभराचा नमुन्याचा तुकडा येतो आणि त्याच्या नावात 'सॅम्पल' असते. तो यादीत येऊ नये म्हणून कोडीत मूळचीच अशी योजना आहे की, नावात हा शब्द सुटा दिसला की ती फाइल गाळावी. जेलीफिनही अशी नावे गाळते. 'ट्रेलर' या शब्दाचेही तेच. ज्या शब्दावर आमचा सारा कापडधंदा चालतो, तोच शब्द या मुनीमास कचरा वाटतो! आम्ही 'सॅम्पल' काढून 'डिझाइन' हा शब्द घातला आणि सर्व नमुने यादीत आले.

दुसरा दोष त्याहून छुपा. आम्ही मोबाइलमधला व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ फोल्डर जसाच्या तसा डिस्कवर उतरविला होता. त्यात आपण दुसऱ्यांस पाठविलेल्या व्हिडिओंचा 'सेंट' नावाचा आतला फोल्डर असतो. त्यात 'नोमीडिया' नावाची, सुरुवातीस टिंब असलेली एक रिकामी फाइल असते. तिचा अर्थ 'या खोलीत डोकावू नये' असा आहे. मोबाइलच्या गॅलरीत ते व्हिडिओ दिसू नयेत म्हणून ती ठेवलेली असते. कोडीही ती पाटी मानते आणि सारा फोल्डर सोडून पुढे जाते. नावाच्या आरंभी टिंब असल्याने ही फाइल बऱ्याचदा लपलेली असते. 'लपलेल्या फाइली दाखवा' हे चालू करून ती काढून टाकावी.

डिस्क निघाली आणि वही कोरी झाली

तिसरा प्रकार बहुतेकांच्या नशिबी येतो. बाहेरची डिस्क काढून पुन्हा लावली की विंडोज कधी कधी तिचे अक्षर बदलते. काल 'ई' होती ती आज 'एफ' झाली. वहीत पत्ता 'ई' गल्लीचा, माल 'एफ' गल्लीत. नाव दिसते पण चालत नाही. अशा वेळी लोक घाईने 'क्लीन लायब्ररी' दाबतात. त्याचा अर्थ, ज्याचा माल जागेवर नाही त्याच्या नोंदी खोडा. मग वर्षभराची मेहनत, काय पाहिले आणि काय राहिले याच्या खुणांसह, वहीतून जाते. फाइलींस मात्र काही होत नाही. उपाय असा की, विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन डिस्कला एक अक्षर कायमचे बांधून द्यावे, आणि डिस्क जोडलेली असल्याची खात्री झाल्याखेरीज 'क्लीन' करू नये. कोडीत सर्व नोंदी 'एक्स्पोर्ट' करून प्रत्येक फाइलीशेजारी चिठ्ठी म्हणून ठेवण्याची सोय आहे. ती एकदा केली की वही जळाली तरी चिठ्ठ्यांवरून नवी तयार होते.

लिनक्सवर जेलीफिन बसविणाऱ्यांस परवानगीचा प्रश्न येतो. जेलीफिन स्वतःच्या नावाने काम करते, आणि आपल्या खात्यातील फोल्डर उघडण्याची मुभा त्यास नसते. मालकाकडे किल्ली आहे, पण मुनीमास दिलेली नाही, असा हा प्रकार. फोल्डरवर त्यास वाचण्याची परवानगी द्यावी लागते. राउटरला लावलेली डिस्क विंडोजमधून दिसत नसेल तर जुना 'एसएमबी १' हा प्रकार कारण असू शकतो. सुरक्षिततेसाठी विंडोज १० मध्ये २०१७ च्या अखेरीपासून तो आपोआप बसत नाही. जुना प्रकार पुन्हा चालू करण्यापेक्षा डिस्क थेट संगणकास लावणे बरे.

नवी फाइल टाकली आणि दिसत नाही, अशी तक्रार असेल तर आधी स्कॅन झाला का ते पाहावे. कोडी आपण सांगितल्याखेरीज गोदामात जात नाही. 'सुरू होताना लायब्ररी अद्ययावत करा' हे चालू ठेवावे. जेलीफिन ठराविक तासांनी स्वतः फेरी मारते.

शोधण्याचा क्रम

गोंधळात सर्वच गोष्टी एकदम बदलू नयेत. आमचा अनुभव असा की, एकाच फाइलीवर प्रयोग करावा. नवा फोल्डर करावा, त्यात योग्य नावाची एकच फाइल ठेवावी आणि स्कॅन करावा. ती आली तर सॉफ्टवेअर ठीक, दोष इतर फाइलींच्या नावांत. ती आली नाही तर दोष पत्ता, परवानगी किंवा मालाचा प्रकार यांत. तरीही उलगडा न झाल्यास 'लॉग' पाहावा. ही मुनीमाची रोजकीर्द होय. शेवटी कोणत्या फाइलीचे नाव आले आणि त्यापुढे काय लिहिले आहे, एवढे वाचले तरी पुष्कळ समजते. फाइलीचा आकार शून्य असेल तर ती अर्धवट उतरलेली आहे. जुन्या 'फॅट ३२' पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाइल राहत नाही, आणि लग्नाची एक तासाची 'डीव्ही' प्रकारातील फाइल सुमारे १३ जीबी भरते. तेव्हा अशा कामासाठी डिस्क 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' असावी. आधीपासून माल असलेल्या डिस्कची पद्धत बदलू नये, त्यात सर्व पुसले जाते. नवी डिस्क घेऊन तिजवर माल उतरवावा.

दोन प्रती, दोन घरे

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले. दुकानांतील माल गेला, वह्या गेल्या, घरांतील फोटो गेले. माल पुन्हा भरता येतो. फोटो आणि कॅसेटी कोठून आणणार? म्हणून आम्ही आता दुसरी डिस्क भरून दुसऱ्या वस्तीतील नातेवाइकाकडे ठेवली आहे, आणि तिसरी प्रत आपांसोबत कुवेतला गेली. पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे स्कॅन चालू असताना संगणक बंद पडून वही बिघडू नये म्हणून तो इन्व्हर्टरवर घेतला आहे.

ज्यांच्या घरी अजून कॅसेटी पडून आहेत त्यांनी विलंब करू नये. व्हीसीआर बनविणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. चालू यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत, आणि कोकणची दमट हवा फितीस बुरशी आणते. बुरशीची कॅसेट यंत्रात घालू नये. यंत्राचे हेड खराब होते आणि ती बुरशी पुढल्या कॅसेटीस लागते. आमच्या ज्या तरुणांचे स्टुडिओ आहेत किंवा टीव्ही दुरुस्तीचे काम आहे, त्यांस येथे धंद्याची संधी आहे. आखातात राहणारी कितीतरी घरे या कामाचे योग्य दाम देतील. अट एवढीच की, फाइलींस 'कॅप्चर ४' अशी नावे न देता गिऱ्हाइकास विचारून नाव व साल लिहावे, आणि त्याने दुसरी प्रत केल्याचे सांगेपर्यंत आपली प्रत पुसू नये.

आपा परत जाण्याच्या आदल्या रात्री सारे घर टीव्हीसमोर बसले. १९९१ च्या मांडवात अब्बा पाहुण्यांस हात धरून जेवावयास बसवीत होते. भाच्याने आपल्या नानांचा आवाज त्या दिवशी प्रथम ऐकला. फॉरमॅटचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.